माळवदाचा गारवा

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात १६१३ साली पाणीमहाल बांधला गेला. वरून पाणी कोसळे, आत गारवा! ती सुलतानी चैन. आमच्या धाराशिवकडच्या साध्या माणसांचा गारवा म्हणजे माळवद : जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर. दुपारचे ऊन आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होई. पण गळती थांबवायला माती चढत गेली, ओझे वाढले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे सास्तूरसारख्या गावांत तेच छप्पर काळ ठरले. मग सिमेंट-पत्रे आले. ते उन्हात तापतात. माझ्या मते दोष ओझ्याचा अन् नीट न सांधलेल्या भिंतींचा होता. छत हलके, वर चुन्याचा पांढरा हात, समोरासमोर खिडक्या ठेवल्या, तर शहरातले घरही कमी विजेत निवते.