स्फोट आणि आग : मुंबई गोदी, १४ एप्रिल १९४४



मराठीच्या प्राध्यापकाने स्फोटकांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ‘स्फोट’ हा शब्द मुळात आमच्याच प्रांतातला. भर्तृहरीने तो शब्दातून अर्थ प्रकटतो त्या घटनेसाठी योजिला. दुसरा स्फोट सुरुंगाचा. खडक फोडणारा हा सुरुंग नंदिगड्ड्यात कोणास ठाऊक नाही?

‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईस आले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. वाटेत कराचीस कापसाचे सुमारे ८,७०० गठ्ठेही चढविले होते. दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरात कापूस आणि स्फोटके शेजारी आली. १४ तारखेस दुपारी धूर दिसला. बंबवाल्यांनी पाण्याचा मारा केला, तरी कापूस आतून धुमसतच राहिला. जहाज बुडवावे की बाहेर समुद्रात न्यावे, याचा निर्णय अखेरपर्यंत झाला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, पहिल्याहून भयंकर.

आग आणि स्फोट यांत फरक तो कोणता? ज्वलनात उष्णता एका थरातून दुसऱ्या थरात पाझरते; तिला वेळ लागतो. स्फोटात दाबाची लाट त्या पदार्थातील ध्वनीहूनही वेगाने धावते. टीएनटीत सेकंदाला जवळजवळ सात किलोमीटर. पुढच्या कणांना चाहूलही लागत नाही. लाटेखाली पदार्थ चेपला जातो, कणांमधल्या सूक्ष्म पोकळ्यांत उष्णता एकवटते आणि तेथे रेणू फुटू लागतात. त्यांतून सुटलेली ऊर्जा लाटेला पुढे रेटते. लाट प्रक्रियेला पेटविते, प्रक्रिया लाटेला पोसते. बंदिस्त जागेत वायूंना वाट न मिळाल्यास साधे ज्वलनही वेग घेत घेत अशी लाट बनू शकते.

चॅपमन (१८९९) आणि झुगे (१९०५) यांनी या लाटेचे गणित मांडले होते. लाट पुढे, प्रक्रिया तिच्या पाठोपाठ, हे चित्र १९४० ते १९४३ या काळात झेल्दोविच, फॉन नॉयमन व ड्यूरिंग यांनी स्वतंत्रपणे रेखाटले. गोदीतील बंबवाल्यांपर्यंत ते पोचण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना आगीशी लढणे ठाऊक होते, आणि ते लढले. त्यांतील ६६ जण परतले नाहीत. एकूण मृतांचा आकडा अनेकजण आठशेहून अधिक धरतात.

१४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्या ६६ जणांमुळे.