नीरेच्या खोऱ्यातील क्षार आणि धातु-आयनांचा वेध

बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. भाटघरच्या पाण्यावरील नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि येथील अवर्षणाचे भय बरेच ओसरले. परंतु काळ्या जमिनीत मुरलेल्या पाण्याने भूजलाची पातळी वर आली व क्षारही पृष्ठभागी आले. हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनी १९१० मध्ये या खोऱ्यातील क्षारभूमीवर स्वतंत्र पत्रिकाच प्रसिद्ध केली. शेतकऱ्यांच्या बोलीत मात्र ‘खारवट’ आणि ‘चोपण’ असा भेद आहे. चोपण जमिनीचा चिकटपणा हे मातीच्या कणांना जखडलेल्या सोडियमचे कार्य होय.

मातीतील सोडियम मोजता येतो. पिकातील मोजावयाचा तर पीक जाळून त्याची राख तपासावी लागे. जिवंत मुळात काय घडते, हे त्यातून कळत नसे. ती उणीव प्रतिदीप्तीने भरून काढली. ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव स्टोक्सने १८५२ मध्ये रूढ केले. १८६७ मध्ये गोपेल्सरोडरने मोरिन या रंजकाच्या प्रतिदीप्तीवरून ॲल्युमिनियम ओळखला. तथापि जिवंत पेशीसाठी १९८० साल उजाडावे लागले. त्या वर्षी रॉजर चिएनने कॅल्शियमला निवडून धरणारे रेणू सिद्ध केले. १९८१ मध्ये ते पेशीस न दुखविता आत पोचविण्याची युक्ती दिली. १९८५ मध्ये फ्युरा-२ आणि १९८९ मध्ये सोडियमचा संवेदक आला. आयन जुळताच रेणूच्या प्रकाशात पालट होतो, हे या सर्वांचे तत्त्व.

या साधनांना मर्यादाही आहेत. वनस्पतीच्या पेशीभित्तीतच ती युक्ती पुष्कळदा निष्फळ ठरते, व हरितद्रव्याची स्वतःची प्रतिदीप्ती निरीक्षणात मिसळते. तरीही क्षाराचा स्पर्श होताच मुळाच्या पेशीत कॅल्शियम उसळतो, हे अशाच प्रकाशमान साधनांमुळे उमगले; त्यातून सोडियम बाहेर लोटणारी यंत्रणा जागी होते. शेतात चोपण जमिनीवर जिप्सम घालतात, तेव्हा त्यातील कॅल्शियमही सोडियमला मातीच्या कणांवरून हटवितो. मग निचऱ्याचे पाणी त्यास वाहून नेते. पेशीत कॅल्शियम इशारा देतो, मातीत तो जागा घेतो. कार्ये भिन्न, परंतु जोडी तीच.

बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ मध्ये अजैविक ताणाच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, हे या इतिहासास अनुरूपच होय. मात्र संवेदक निदान करतो, निचरा करीत नाही. क्षार सोसणारे वाण निवडण्यास त्याचे साह्य होईल. चर खणल्यावाचून जमीन सुधारणार नाही.