करवंटीच्या कोळशात धरलेली हवा

१८ नोव्हेंबर २००९ रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने परिसर-हवेच्या गुणवत्तेची सुधारित राष्ट्रीय मानके अधिसूचित केली. १९९४ च्या मानकांत नसलेले एक नाव त्यांत होते : बेन्झिन. वार्षिक सरासरी मर्यादा ठरली दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम. इतके अल्प द्रव्य हवेतून वेचून मोजण्याची रीत तोवर सिद्ध झाली होती, म्हणूनच या आकड्याला अर्थ आला.

या रीतीचे मूळ जुने आहे. कोळसा वायू धरून ठेवतो, हे स्वीडिश रसायनज्ञ कार्ल शेले यांनी १७७३ मध्ये नोंदवले. पदार्थाच्या पृष्ठभागावर रेणू चिकटून राहण्याच्या या क्रियेला, म्हणजेच अधिशोषणाला, तिचे पाश्चात्त्य शास्त्रीय नाव १८८१ मध्ये हाइनरिख कायझर यांनी दिले. पहिल्या महायुद्धात रशियाच्या निकोलाय झेलिन्स्की यांनी सक्रियित कोळशाचा मुखवटा तयार केला. तेथे कोळशाचे काम विष अडवण्याचे होते. अडकलेले विष कोणते व किती, हे सांगण्याचे नव्हते. मिश्रणातील बाष्पे वेगळी करणारे वायू-क्रोमॅटोग्राफीचे तंत्र जेम्स आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये मांडले, तेव्हा तो मार्ग खुला झाला.

भारतात हा प्रश्न इंधनातून पुढे आला. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिशाविना ऑक्टेन राखण्यासाठी ॲरोमॅटिक संयुगांचा आधार घेतला जातो आणि बेन्झिन हे त्यांपैकीच एक. दीर्घ संपर्काने रक्ताचा कर्करोग घडवणारे. पुढे भारत स्टेज-३ मानकांनी पेट्रोलमधील त्याचे प्रमाण १ टक्क्यावर आणले.

मोजणीचे साधन साधेच आहे. बोटाएवढ्या काचनळीत नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रियित कोळसा भरतात आणि पंपाने ठरावीक वेगाने हवा ओढतात. नंतर कार्बन डायसल्फाइडने बेन्झिन सोडवून घेऊन क्रोमॅटोग्राफीने मोजतात. मिनिटाला १०० मिलिलिटर हवा २४ तास ओढली, तर १४४ लिटर होते. हवेत नेमके मर्यादेइतके बेन्झिन असेल, तर नळीत अवघे ०.७२ मायक्रोग्रॅम साठते.

म्हणूनच दक्षता मोलाची ठरते. दमट हवेत पाण्याची वाफ कोळशावरील जागा व्यापते आणि बेन्झिन पुढे निसटू शकते. यासाठी नळीत कोळशाचे दोन थर असतात. मागच्या थरात लक्षणीय बेन्झिन सापडले, तर पुढचा थर अपुरा पडला असे समजून नमुना बाद करतात. ही तपासणी वगळली, तर स्वच्छ हवा आणि निसटलेले बेन्झिन अहवालात सारखेच दिसतात : मर्यादेखालचा एक आकडा. कायद्याने दिलेले संरक्षण अखेर त्या मागच्या थराच्या प्रामाणिक नोंदीवर उभे असते.