भावंडे, भिन्न स्वभावांची (ॲनिमेशन मालिकांतील)

ॲनिमेशन मालिकांतील व्यक्तिचित्रणाची एक पद्धत. एकाच घरातल्या दोन किंवा अधिक भावंडांना एकमेकांच्या उलट स्वभाव द्यायचे आणि त्यांच्यातल्या ओढाताणीवर कथा चालवायची, असे तिचे स्थूल रूप आहे. एक उतावळा तर दुसरा पाऊल जपून टाकणारा, एक अखंड बडबडणारी तर दुसरी घुमी, एकाला शाळेत बक्षिसे तर दुसऱ्याला रोज शिक्षा. ‘द सिम्प्सन्स’मधील बार्ट व लिसा, ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’मधील झुको व अझुला, ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’मधील डिपर व मेबल ही तिची गाजलेली उदाहरणे. या जोड्यांकडे बहुधा दोन ठरीव स्वभावांची टक्कर म्हणून पाहिले जाते. पण ज्या मालिका टिकल्या, त्यांनी स्वभाव ठरीव मानलेला नाही. घर मुलांना भूमिका कशा वाटून देते आणि मुले त्या भूमिका कशा अंगावर वागवतात, हा त्यांचा खरा विषय आहे.

लेखकांना ही पद्धत सोयीची वाटते याचे कारण उघड आहे. साधारण बावीस मिनिटांच्या भागात संघर्ष लवकर पेटावा लागतो आणि शेवटी पात्रे पुन्हा एकत्रही यावी लागतात. मित्र भांडला तर निघून जातो. भावंड कितीही भांडले तरी रात्री त्याच छपराखाली झोपते. शिवाय ॲनिमेशनमध्ये पात्र रेषेने, रंगाने आणि आवाजानेच ओळखावे लागते. त्यामुळे उंच-बुटका, निळा-तांबडा, किनरा-घोगरा असे विरोध चित्रकाराच्या हाती आधीच असतात. स्वभावातला विरोध त्यांच्यामागून येतो.

आरंभी तो येत नसे, हेही नोंदवायला हवे. डोनाल्ड डकचे ह्यूई, ड्यूई आणि लूई हे तिळे भाचे १९३७ साली वृत्तपत्रांतील चित्रपट्टीत आले आणि १९३८ साली पडद्यावर आले. तिघे सर्वस्वी सारखे होते. १९८७ साली सुरू झालेल्या ‘डकटेल्स’मध्ये, म्हणजे नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीत आलेल्या आणि आज चाळिशीत असलेल्या मराठी प्रेक्षकांना आठवत असलेल्या मालिकेत, त्यांना कपड्यांचे तीन रंग होते, पण तिघांचा आवाज रुसी टेलर या एकाच अभिनेत्रीचा होता. २०१७ साली मालिका नव्याने केली तेव्हा तिघांना तीन वेगळे नट दिले गेले. ह्यूई नियमपुस्तकावर भिस्त ठेवणारा, ड्यूई आपल्याकडे लक्ष वेधण्यासाठी धडपडणारा, लूई आळशी पण व्यवहारात तरबेज, अशी त्यांची फोड झाली. त्यातही नवी मालिका एका जागी फार चांगली उतरली आहे. हरवलेल्या आईचा प्रश्न तिघांपुढे सारखाच असताना प्रत्येक जण तो वेगळ्या रीतीने झेलतो आणि त्यातूनच त्यांचे वेगळेपण पटते.

निन्जा टर्टल्स या चार भावांचे उदाहरण याच वळणाचे आहे. केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांच्या १९८४ च्या कॉमिकमध्ये चौघांच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या तांबड्याच होत्या. १९८७ च्या ॲनिमेशन मालिकेत त्यांना निळा, जांभळा, तांबडा आणि नारिंगी असे चार रंग मिळाले. कर्तव्यदक्ष लिओनार्डो, यंत्रवेडा डोनाटेलो, तापट राफाएल आणि मौजी मायकेलॅन्जेलो हा चौकोन प्राचीन वैद्य गेलनच्या काळापासून युरोपात रूढ असलेल्या चार प्रकृतींच्या सिद्धांताशी (उत्साही, तापट, खिन्न, शांत) अनेकदा ताडून पाहिला जातो. तो पुरता जुळत नाही, पण चार पात्रे झटकन ओळखू यावीत यासाठी लेखक कोणत्या साच्याकडे वळतात, ते त्यावरून दिसते.

मॅट ग्रेनिंग यांच्या ‘द सिम्प्सन्स’ची सुरुवात १९८७ साली ‘द ट्रेसी उलमन शो’मधील छोट्या चित्रफितींनी झाली. स्वतंत्र मालिका १७ डिसेंबर १९८९ रोजी सुरू झाली. दहा वर्षांचा बार्ट उनाड आणि आठ वर्षांची लिसा हुशार, सॅक्सोफोन वाजवणारी, तत्त्वांना चिकटून राहणारी, हे आज सर्वज्ञात आहे. सुरुवातीच्या चित्रफितींत मात्र लिसाही बार्टइतकीच व्रात्य होती. मालिका मोठी होऊ लागली तसे तिला स्वतःचे दुःख मिळाले. १९९० च्या एका भागात ती कारण न सांगता येणारी उदासी घेऊन वावरते आणि घरातल्या कोणालाही ती कळत नाही. बार्टच्या सावलीतून लिसा तिथे बाहेर आली.

या दोघांच्या नात्याचा गाभा दोन भागांत सापडतो. १९९२ च्या एका भागात लिसाच्या जन्माची कथा आहे. आपली जागा गेली म्हणून छोटा बार्ट घर सोडायला निघतो आणि नेमकी तेव्हा लिसा आयुष्यातला पहिला शब्द उच्चारते: बार्टचे नाव. १९९४ च्या ‘लिसा ऑन आइस’मध्ये लिसा बर्फावरच्या हॉकीत अनपेक्षितपणे उत्तम गोलरक्षक ठरते. तोवर खेळ ही बार्टची मिरास होती. बाप होमर कौतुकाचे पारडे इकडून तिकडे हलवतो आणि मुले एकमेकांच्या जिवावर उठतात. शेवटच्या क्षणी बार्टचा फटका आणि समोर लिसा, अशा स्थितीत दोघांना लहानपणी एकमेकांसाठी केलेल्या गोष्टी आठवतात. ती हत्यारे टाकून एकमेकांना मिठी मारतात आणि सामना बरोबरीत सुटतो. हुशार कोण आणि खेळाडू कोण ही वाटणी मोडताच घर हादरते. एवढी अचूक गोष्ट विनोदी मालिकेने सांगावी, हे तिचे मोठेपण आहे.

मायकल दान्ते दिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको यांची ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही मालिका (२००५–२००८, ६१ भाग) या विषयाचा सर्वांत समृद्ध ऐवज आहे. तिच्यात एक नव्हे, दोन जोड्या समोरासमोर ठेवल्या आहेत. पहिली दक्षिण ध्रुवाकडच्या जलवंशीय सोका आणि कटारा यांची. सोका थोरला, थट्टेखोर, आकडेमोड आणि डावपेच यांवर विश्वासणारा. कटारा धाकटी, श्रद्धाळू, जबाबदारीने वाकलेली. आई युद्धात मारली गेली आणि बाप लढायला गेला, तेव्हा घराची चूल कटाराने सांभाळली. तिसऱ्या पर्वात सोका सोबतीण तॉफजवळ कबूल करतो की आईचा चेहरा आठवू पाहिला की डोळ्यांसमोर कटाराच येते. कटाराचे करडेपण हा तिचा ‘प्रकार’ नाही, ते तिच्यावर पडलेले काम आहे, हे त्या एका वाक्याने स्पष्ट होते. सोकाचा विनोदही त्याच पोकळीवरचा उपाय आहे.

दुसरी जोडी अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको आणि राजकन्या अझुला यांची. झुको सोळा वर्षांचा, रागीट, अपयशी, तेराव्या वर्षी बापाने तोंड भाजून देशोधडीला लावलेला. अझुला चौदा वर्षांची, निळी आग फेकणारी, शांत डोक्याने क्रूर, कधी न चुकणारी. वरवर हा सज्जन-दुर्जनाचा मामला वाटतो. ‘झुको अलोन’ या २००६ च्या भागात मात्र त्यांचे बालपण दिसते. आजोबा अझुलॉनपुढे अझुला अग्निकलेचे सफाईदार प्रदर्शन करते. झुको तेच करायला जातो आणि पडतो. बाप ओझाय मुलीकडे पाहतो, आई उर्सा मुलाला जवळ घेते. तिथेच पालकांची वाटणी झाली. एकाला आईचे प्रेम, दुसरीला बापाची शाबासकी, आणि दोघांपैकी कोणालाही दोन्ही नाहीत.

पुढे ‘द बीच’ या २००७ च्या भागात समुद्रकिनारी शेकोटीभोवती चौघे बसतात आणि अझुला हलकेच बोलून जाते की आई मला राक्षसीण समजत असे. लगेच ती ते उडवूनही लावते. याच शेकोटीपाशी टाय ली ही तिची मैत्रीण सांगते की हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या सात बहिणींपैकी ती एक आहे, आणि वेगळे दिसावे म्हणूनच ती सर्कशीत गेली. विरुद्ध स्वभाव हा भावंडांनी आपली ओळख वाचवण्यासाठी काढलेला मार्ग असू शकतो, ही गोष्ट मुलांच्या मालिकेने इतक्या थेटपणे क्वचितच मांडली आहे. शेवटच्या लढतीत कोसळते ती अझुला. बापाच्या शाबासकीवर उभे केलेले मन, ती शाबासकी डळमळताच ढासळते. साखळदंडात रडणाऱ्या बहिणीकडे झुको पाहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर विजय दिसत नाही. झुकोला काका आयरो लाभले, अझुलाला तसे कोणी लाभले नाही. दोघांच्या नशिबातला फरक बव्हंशी एवढाच आहे, असे या नोंदीचे मत आहे.

ॲलेक्स हर्श यांच्या ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’मधील (२०१२–२०१६, ४० भाग) डिपर आणि मेबल पाइन्स ही बारा वर्षांची जुळी भावंडे हर्श यांनी स्वतः आणि आपली जुळी बहीण यांच्यावरून बेतली. डिपर शंकेखोर, वही घेऊन गूढांचा माग काढणारा, मोठे होण्याची घाई झालेला. मेबल पाच मिनिटांनी थोरली, रंगीबेरंगी स्वेटर घालणारी, उद्याची धास्ती घेतलेली. या धास्तीची खूण सुरुवातीला लागत नाही, कारण ती आनंदी आहे. मालिकेची खरी करामत आजोबांच्या पिढीत आहे. ज्यांच्याकडे मुले सुटीला आली ते स्टॅन आणि त्यांचा हरवलेला जुळा भाऊ फोर्ड यांचीही बालपणी ‘बुद्धिमान’ आणि ‘दांडगट’ अशी वाटणी झालेली असते. फोर्डचा शास्त्रीय प्रकल्प स्टॅनच्या हातून बिघडतो, बाप स्टॅनला घराबाहेर काढतो आणि पुढची कित्येक वर्षे कडवटपणात जातात. पुढे फोर्ड डिपरला शिष्य म्हणून ठेवून घेऊ पाहतात, तेव्हा तीच चूक नव्या जोडीवर येऊ घातलेली असते. डिपर नकार देतो आणि बहिणीबरोबर बसने घरी परततो. विरोध तसाच राहतो, ताटातूट टळते.

जपानी मालिकांत विरोधाला वेगळा रंग आहे. ‘डोरेमॉन’मध्ये यंत्रमांजर डोरेमॉन गोंधळी आणि धाकटी बहीण डोरामी चतुर का, याचे उत्तर कथेतच दिले आहे. दोघांना एकाच डब्यातले तेल मिळाले, पण वरचे पातळ तेल भावाला आणि तळाचे कसदार तेल बहिणीला. त्याच मालिकेतला दांडगा जियान चित्रकथा काढणाऱ्या धाकट्या बहिणीपुढे, जायकोपुढे, पार विरघळतो. तिचे मन दुखावू नये म्हणून तो करतो त्या खटपटींवरून त्याच्या दांडगाईची दुसरी बाजू कळते. ‘शिनचॅन’मध्ये १९९६ साली हिमावारी ही बहीण जन्मली आणि घरातले एकुलते एक मूल असलेला शिनचॅन एकाएकी थोरला झाला. ऑस्ट्रेलियातील ‘ब्लूई’मध्ये (२०१८ पासून) सहा वर्षांची पुढाकार घेणारी ब्लूई आणि चार वर्षांची हळवी बिंगो यांच्यात वैर जवळजवळ नाहीच. वयातला फरक एवढाच त्यांच्यातला विरोध आहे.

या पात्रांना व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांत बसवण्याचा छंद प्रेक्षकांत मोठा आहे. त्यासाठी बहुधा कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांची सोळा प्रकारांची पद्धत वापरतात. ती कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथावर आधारलेली आहे. मानसशास्त्रातले संशोधक तिच्यावर फारसे विसंबत नाहीत. ते माणसाला एका कप्प्यात न टाकता पाच गुणांच्या पट्ट्यांवर कमी-अधिक मापतात. थोरला जबाबदार आणि धाकटा बंडखोर ही आल्फ्रेड ॲडलर यांच्यापासून चालत आलेली समजूतही डळमळली आहे. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी येथील वीस हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मक्रमाचा स्वभावाच्या बहुतेक गुणांशी संबंध आढळला नाही. या मालिकांना अधिक जवळची कल्पना १९७६ साली फ्रान्सिस शाक्टर आणि सहकाऱ्यांनी मांडली. भावंडे, विशेषतः पहिली दोन, स्पर्धा टाळण्यासाठी एकमेकांपासून मुद्दाम वेगळी होतात आणि बरेचदा एक आईच्या तर दुसरे बापाच्या वळणावर जाते, असे त्यांचे म्हणणे होते. झुको आणि अझुला यांचे बालपण या कल्पनेच्या प्रकाशात पाहिले की लख्ख उजळते. सोळांपैकी कोणते लेबल लावावे, या चर्चेतून ते हाती लागत नाही.

भारतीय मालिकांत हा विषय अजून पुरता हाताळला गेलेला नाही. २००८ साली सुरू झालेल्या ‘छोटा भीम’मधले ढोलू आणि भोलू हे जुळे भाऊ एकसारखेच आहेत. ते त्याच मालिकेतल्या दांडग्या कालियाचे अनुयायी म्हणूनच वावरतात. पुण्यातील बिग ॲनिमेशनने केलेल्या ‘लिटल कृष्णा’मध्ये (२००९) कृष्ण-बलरामांची परंपरेने दिलेली जोडी आहे. एक सावळा, नटखट, युक्तिबाज. दुसरा गोरा, बळकट, लवकर संतापणारा. दोन आयांच्या पोटी वाढलेले हे भाऊ एकाच अंगणात वेगळे कसे घडले, हा प्रश्न मात्र कथेने विचारलेला नाही.

या विषयाकडे वळणाऱ्याने ‘लिसा ऑन आइस’, ‘झुको अलोन’ आणि स्टॅन-फोर्डची पूर्वकथा सांगणारा ‘अ टेल ऑफ टू स्टॅन्स’ (२०१५) हे तीन भाग आधी पाहावेत, आणि पाहताना मुलांइतकेच लक्ष आईबापांकडे ठेवावे.