लाखोळी, मजुरी आणि पायांतले गोळे

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की राजे आणि लढाया यांची अपेक्षा असते. आज आम्ही आपल्यापुढे माणसाच्या पोटरीचा इतिहास मांडणार आहोत. त्याला निमित्त झाले ते आधी सांगतो.

आमच्या युनियनमधील एका विडी कामगार भगिनीला नागपूरच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरॉसिस हा आजार सांगितला. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतूंवर जे वेष्टण असते, त्यावर शरीराची संरक्षक शक्तीच उलटते आणि मेंदूचे हुकूम वाटेत अडतात, असा हा आजार. बाईंचा त्रास रात्री वाढे. अंथरुणाला पाठ टेकली की पोटरीत गोळा येई, पाय काठीसारखा ताठ होई, आणि घर जागे होई. आम्ही भेटीस गेलो तेव्हा शेजारचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "लाखोळी खाल्ली असंल, बापा." त्यांचे निदान चुकले होते, परंतु त्यांच्या तोंडून जुनी आठवण बोलत होती. ती कोठून आली याचा शोध आम्ही घेतला, तोच आजचा विषय होय.

भंडाऱ्याच्या माणसाला लाखोळी काय हे सांगावे लागत नाही. धान कापणीला येण्यापूर्वी, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात तिचे बी फेकतात. नांगर नको, पाणी नको. पानांची भाजी होते, दाण्यांची डाळ होते. हिंदी मुलखात तिला खेसारी किंवा तिवरा म्हणतात. दुष्काळात सारी पिके गेली तरी ही उभी राहते. हा तिचा गुण, आणि गरिबाचा घात याच गुणात होता.

ठगांच्या बंदोबस्ताकरिता प्रसिद्ध झालेले स्लीमनसाहेब यांनी 1844 साली छापलेल्या आपल्या आठवणींत सागर भागातील हकिकत दिली आहे. 1829 साली गारपिटीने गहू गेला, 1830 साली पावसाने दगा दिला, 1831 साली पिकावर रोग पडला. तिवरा मात्र तरारून आला आणि लोकांनी त्यावरच दिवस काढले. 1833 पासून तरण्याताठ्या माणसांचे कमरेखालचे अंग निकामी होऊ लागले. पुढे 1873 साली इटलीतील कांतानी या वैद्याने या रोगाला लॅथिरिझम हे नाव दिले. आपला जिल्हा ज्या मध्य प्रांतात होता, त्या प्रांतातील या रोगावर अँड्र्यू ब्युकॅनन या डॉक्टरांनी 1904 साली स्वतंत्र अहवालच प्रसिद्ध केला.

या रोगाच्या पायऱ्या डॉक्टरांनी अशा लावल्या आहेत: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी रांगणारा. आरंभ पोटरीतल्या गोळ्यांनी आणि जडपणाने होतो. मग टाच टेकेनाशी होते आणि पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. बुद्धी शाबूत राहते, हात बहुधा चालतात. म्हणजे माणूस आपली दशा पुरती समजून जगतो. बायकांपेक्षा पुरुषांना हा रोग अधिक होई.

आता आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना जो प्रश्न पडतो तो असा, की ही डाळ रोजच्या रोज, दुसरे काही न घेता, कोण खात होते? रीवा-सतना भागात बांधील मजुरांना मजुरी म्हणून खेसारीच मापून देत. ज्याच्या घरी गहू होता त्याने ती चवीपुरती खाल्ली आणि तो चालत राहिला. विष दाण्यात होते खरे. पण ते पायापर्यंत पोहोचविण्याचे काम मजुरीने केले.

दुसऱ्या महायुद्धात याचा दाखला परदेशातही मिळाला. रुमानियाच्या ताब्यातील वाप्न्यार्का येथील छावणीत 1942 साली ज्यू कैद्यांना खेसारीच खाऊ घातली. थोड्याच महिन्यांत शेकडो पाय लुळे पडले. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी कारण ओळखले, आणि कैद्यांनी एकजुटीने ते अन्न नाकारले. आमच्या मते हा संप कोणत्याही गिरणीच्या संपाइतकाच मोठा मानला पाहिजे.

आपल्याकडे 1961 साली भेसळविरोधी कायद्याखाली विक्रीबंदीचा नियम झाला. नेमके विष शास्त्रज्ञांनी ओळखले ते नंतर, 1964 साली. त्यांत बंगळूरचे राव, अडिगा व शर्मा होते. पण बंदी विक्रीवर होती. घरच्या बांधीतले घरच्या चुलीवर शिजले तर पहारा कोणी ठेवावा? पुढे नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध लढा दिला, आणि 2008 साली महाराष्ट्राने ती उठविली. रतन, प्रतीक यांसारखे कमी विषाचे वाण आज आहेत. दाणे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिले तर विषाचा मोठा भाग निघून जातो. जेवणात इतर धान्य आले, तसा रोगही ओसरला.

या सगळ्या इतिहासात एक उणीव आम्हांला फार जाणवली. अहवालांनी काठ्या मोजल्या, पिकांचे एकर मोजले; पण गोळा आल्यावर ती माणसे रात्र कशी काढीत, हे कोणी फारसे विचारलेले दिसत नाही. तेल चोळणारी बायको आणि टाच दाबून धरणारा मुलगा यांची नोंद नाही.

म्हणून आमच्या भगिनीकडे परत येतो. तिचा रोग निराळा, कारण निराळे. पण पायांचे दुखणे सारखे. मेंदूचा लगाम सुटला की पायाचे स्नायू स्वतःच्या मर्जीने आवळतात. डॉक्टरांनी तिला बॅक्लोफेनच्या गोळ्या दिल्या आणि त्या एकाएकी बंद करू नयेत अशी ताकीद दिली. रोज सकाळ-संध्याकाळ पाय हळूहळू ताणण्यास शिकविले. तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, अंगावरची जखम, घट्ट कपडा यांनीही गोळे वाढतात हे समजावले. गोळा आला की झटका न देता टाच भिंतीला टेकवून वाट पाहावी, हे आता तिच्या मुलीलाही ठाऊक आहे.

परंतु सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास मांडी घालून बसल्याशिवाय हजार विड्या होत नाहीत, आणि हजार झाल्याशिवाय दाम नाही. विड्या कमी पडू लागताच ठेकेदाराने नाव कमी करण्याची भाषा काढली. आम्ही चार जण जाऊन बसलो. आज ती बाकावर पाय सोडून बसते, मधून मधून उठते, आणि तिचे नाव हजेरीत आहे. विड्या पूर्वीइतक्या होत नाहीत. तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

औषध डॉक्टरांनी द्यावे, पाय घरच्यांनी धरावा. पण ताठ पायाच्या माणसाची रोजी टिकविणे हे काम आपणा सर्वांचे आहे. लाखोळीच्या काळी ते कोणी केले नाही, आणि म्हणून एका काठीचा माणूस दोन काठ्यांवर गेला. ही चूक पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठीच हा इतिहास सांगितला.