रमोन्स : विक्री थोडी, पेरणी मोठी

कलावंताचे मोल त्याच्या हयातीतील खपावरून ठरवावे काय, हा प्रश्न जुनाच आहे. न्यूयॉर्कच्या रमोन्स या वाद्यवृंदाच्या चरित्राने तो नव्याने पुढे येतो, म्हणून आम्ही ते येथे विचारासाठी घेतले आहे.

१९७४ साली क्वीन्स विभागातील फॉरेस्ट हिल्स या वस्तीतले चार तरुण एकत्र आले. जोई, जॉनी, डी डी आणि टॉमी ही त्यांनी घेतलेली नावे. नात्याने ते एकमेकांचे कोणी नव्हते. तरी चौघांनी 'रमोन' हे एकच आडनाव धारण केले. त्या काळचे रॉक संगीत लांबण लावू लागले होते आणि वादकाच्या हस्तकौशल्याला त्यात फार महत्त्व आले होते. या चौघांपाशी तसे कौशल्य नव्हते. पण उणिवेचे रडगाणे न गाता त्यांनी तिचीच रीत केली. मोजके स्वरमेळ, अतिद्रुत लय आणि दोन-अडीच मिनिटांत गाणे समाप्त! पंक रॉक म्हणतात ते हेच.

बॉवरी रस्त्यावरील सीबीजीबी या पानगृहात ते ऑगस्ट १९७४ पासून गाऊ लागले. एप्रिल १९७६ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. खर्च सुमारे ६,४०० डॉलर, गाणी १४, आणि सारा कारभार अर्ध्या तासाच्या आत. अमेरिकेतील खपाच्या यादीत तिला १११ व्या क्रमांकापलीकडे जाता आले नाही.

४ जुलै १९७६ रोजी ते लंडनच्या राउंडहाउसमध्ये गायले. इंग्लंडमधील पंक चळवळ त्या रात्री जन्मली, अशी एक आख्यायिका आहे. ती आम्हांला तंतोतंत पटत नाही. सेक्स पिस्टल्स हा वृंद नोव्हेंबर १९७५ पासूनच गात होता. आणि क्लॅश या वृंदाचा पहिला कार्यक्रम त्याच सायंकाळी शेफील्डला चालू होता. बीज तेथे आधीच पडले होते. रमोन्सनी त्याला पाणी घातले. वादनात पारंगत होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही, हा धीर तरुणांना त्यांच्याकडून मिळाला.

पुढील वाटचाल कष्टाची झाली. २२ वर्षांत २,२६३ कार्यक्रम झाले. आरंभापासून अखेरपर्यंत टिकले ते जोई आणि जॉनी हे दोघेच. आणि या दोघांत खाजगी कारणावरून अनेक वर्षे अबोला होता! तरीही ते रोज एकाच रंगमंचावर उभे राहिले. ६ ऑगस्ट १९९६ रोजी लॉस एंजेलिस येथे शेवटचा कार्यक्रम झाला. २००१ मध्ये जोई, २००२ मध्ये डी डी आणि २००४ मध्ये जॉनी निवर्तले.

त्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेला पाच लक्ष प्रतींचा सुवर्णमान मिळाला तो २०१४ साली, म्हणजे ३८ वर्षांनी. तो पाहण्यास एकटा टॉमी उरला होता. त्याच वर्षीच्या जुलैत तोही गेला. खपाचा हिशेब वर्षअखेरीस मांडता येतो. पेरणीचा हिशेब मात्र पिढी उलटल्यावाचून मांडता येत नाही, एवढेच आम्हांला यातून दिसते.