लाकूड ओळखण्याची जुनी विद्या



वेरूळचे दहा नंबरचे लेणे तुम्ही पाहिलेच असेल. लोक त्याला 'सुतार की झोपडी' म्हणतात. आत जाऊन वर बघा. सुताराने बाकदार वासे बसवावेत तशा फासळ्या ओळीने दिसतात. पण लाकूड कुठेच नाही, सारा दगड! सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी लाकडी इमारतीची रीत दगडात उतरवली.

त्याआधीच्या लेण्यांत फासळ्या खऱ्या लाकडाच्या असत. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातल्या नाहीशा झाल्या. पुणे जिल्ह्यात कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या मात्र सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या. त्या सागाच्या आहेत.

साग एवढा का टिकतो? त्याच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये असतात, ती वाळवीला मानवत नाहीत. पण हा गुण फक्त गाभ्याचा. सालीलगतचे पांढरे लाकूड सागाचे असले तरी किडते.

आपल्या मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत हेच ज्ञान वापरलेले दिसते. ऐपत असेल त्याने तुळईला साग घातला. औताला आणि गाडीच्या चाकाला बाभूळ, कारण ती चिवट. आंब्याच्या फळ्या हलक्या कामाला. सुतार हे बापाकडून शिकला. पुढे डेहराडूनला १९०६ साली वनसंशोधन संस्था निघाली आणि लाकडाची परीक्षा भिंगाखाली होऊ लागली.

ती परीक्षा घरीही करता येते. रंग वरून देता येतो, म्हणून फळीची बाजू पाहून फसू नका. तिचे आडवे टोक धारदार चाकूने साफ तासा, थोडे ओले करा आणि उजेडात धरा.

साग : वर्षावर्षाची वलये स्पष्ट, वलयाच्या कडेला मोठ्या छिद्रांची ओळ. रंग सोनेरी तपकिरी, हाताला तेलकट, वास कमावलेल्या चामड्यासारखा.

बाभूळ : ताजी गुलाबी, पुढे काळपट तांबडी. जड आणि कठीण.

आंबा : फिकट. कीड लवकर लागते.

आज जुनी माळवदे पडत आहेत. तुळया धुराने काळ्या झालेल्या असतात, म्हणून जळाऊ लाकडाच्या भावात जातात. बंधूंनो, विकण्याआधी एक टोक तासून बघा. आत सोनेरी गाभा निघाला, तर ती तुळई नव्या घराची चौकट होईल. आजोबांनी पारखून घेतलेले लाकूड आपण न पारखता चुलीत घालू नये.